दुचाकीस्वाराने अपघातस्थळी काय करावे: गोव्यातील नवख्यांसाठी प्रथमोपचार आणि प्रशिक्षणाचे मार्गदर्शन

गोव्यात दुचाकी नाही असे घर शोधावे लागेल. कामावर जाणारे, पोराला शाळेत सोडणारे, पिवळ्या मडगार्डचे पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले), भाड्याच्या स्कूटरवरून समुद्रकिनारे हिंडणारे पर्यटक असे सगळे एकाच रस्त्यावर असतात. त्यामुळे कोणी रस्त्यावर पडला, की त्याच्याजवळ सर्वांत आधी पोहोचणारा माणूस बहुधा दुसरा दुचाकीस्वारच असतो. हा लेख त्या दुसऱ्या दुचाकीस्वारासाठी आहे.

प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेण्यापूर्वी माझी समजूत अशी होती, की तिथे पट्ट्या बांधायला शिकवतात. तेही शिकवतात, पण अपघातस्थळी अधिक उपयोगी पडते ते वेगळेच. पहिल्या दहा मिनिटांत जखमीचे जे जास्तीचे नुकसान होते, त्यातील बरेचसे मदतीच्या घाईतून होते. एक जण हेल्मेट ओढून काढतो, दुसरा तोंडात पाणी ओततो, आणखी दोघे काखेत हात घालून उभे करतात आणि तोवर कोणीतरी पिकअप थांबवून मागच्या फळीवर जागा करून ठेवलेली असते. यातल्या कोणाचीही नियत वाईट नसते. त्यांना आवाज न चढवता, कारण सांगून थांबवता येणे हे प्रशिक्षित माणसाचे पहिले काम आहे, आणि पुढच्या पायऱ्या तेच लक्षात ठेवून लिहिल्या आहेत.

१. आधी प्रशिक्षण घ्या, आणि घेताना चार प्रश्न विचारा

हा लेख वाचून प्रशिक्षणाची गरज संपत नाही, कारण छातीवर किती जोर द्यायचा किंवा जबडा कसा उचलायचा हे हाताला कळावे लागते. इंडियन रेड क्रॉस सोसायटी आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या दोन जुन्या संस्था देशभर प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. सामान्य नागरिकांना केवळ छातीदाबाचे तंत्र शिकवणारा 'कोल्स' हा छोटा अभ्यासक्रम भारतीय भूलतज्ज्ञांनी तयार केला असून, वेळ फारच कमी असेल तर सुरुवात तिथून करावी. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा 'हार्टसेव्हर' हा अभ्यासक्रमही मान्यताप्राप्त केंद्रांत मिळतो व त्याचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. तुम्ही हॉटेलात, कारखान्यात किंवा जहाजावर नोकरीला असाल, तर कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे आधी चौकशी करा, कारण अनेक ठिकाणी असे वर्ग कर्मचाऱ्यांना विनामूल्य मिळतात आणि कोणी विचारत नाही म्हणून जागा रिकाम्या राहतात.

नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. प्रत्यक्ष सराव आहे की नुसते व्याख्यान? सरावाच्या एका पुतळ्यामागे किती प्रशिक्षणार्थी असतील? वर्ग कोणत्या भाषेत चालेल? आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, हेल्मेट काढण्याचा सराव करून घेतला जाईल का? सर्वसाधारण वर्गांत हा भाग बहुधा नसतो, परंतु दहा-बारा दुचाकीस्वार एकत्र येऊन विनंती केली तर प्रशिक्षक तो आनंदाने जोडतात. त्यासाठी वर्गाला जाताना आपापली हेल्मेटे घेऊन जावीत, पूर्ण चेहरा झाकणारी आणि अर्धी अशी दोन्ही.

नोंदणीसाठी साधारणपणे आधार कार्ड किंवा दुसरे छायाचित्र असलेले ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि शुल्क एवढे लागते. जमिनीवर गुडघे टेकून काम करायचे असल्यामुळे कपडे सैल असावेत. तासाभराचे व्हिडिओ पाहून ऑनलाइन प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. सरावाच्या काही पुतळ्यांत छाती योग्य खोलीपर्यंत दाबली गेली की 'टक्' असा आवाज येतो. आपण पुरेसा जोर लावतो आहोत अशी खात्री असलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात तो आवाज ऐकूच येत नाही, आणि दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी दंड भरून येतात. हे कळायला गुडघेच टेकावे लागतात. शिकलेले हातातून काही महिन्यांतच निसटू लागते, म्हणून प्रमाणपत्राची मुदत संपण्याची वाट न पाहता अधूनमधून घरी उजळणी करावी.

२. डिकीत ठेवायचे साहित्य आणि कागदपत्रे

बाजारात मिळणाऱ्या तयार प्रथमोपचार पेट्यांत खरचटण्यावरच्या छोट्या चिकटपट्ट्या भरपूर आणि मोठ्या जखमेसाठीचे साहित्य नाममात्र असते. त्यापेक्षा औषधाच्या दुकानातून सुट्या वस्तू घेऊन स्वतःची पिशवी भरावी: नायट्राइलच्या हातमोज्यांच्या दोन-तीन जोड्या, निर्जंतुक गॉजच्या घड्या, १० आणि १५ सेंटिमीटर रुंदीची रोलर बँडेजे, एक क्रेप बँडेज, दोन त्रिकोणी पट्ट्या, कपडे आणि हेल्मेटचा पट्टा कापता येईल अशी बोथट टोकाची मजबूत कात्री, सलाइनची छोटी बाटली, कपाळावर लावायची बॅटरी, जाड मार्कर पेन आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट. प्रशिक्षण झाले असेल, तर एक चांगल्या प्रतीची टूर्निकेटही (हातापायाचे रक्त थांबवण्यासाठी आवळायची पट्टी) ठेवावी.

गोव्याच्या हवेत ही पिशवी टिकवणे हे वेगळेच काम आहे. स्कूटरच्या सीटखाली इंजिनाची ऊब आणि पावसाळ्यातली ओल एकत्र होते. चिकटपट्टीचा गोंद विरघळून सगळ्या सामानाला लागतो आणि हातमोजे एकमेकांना चिकटून ओढताच फाटतात. सगळे साहित्य दुहेरी झिपच्या पिशव्यांत भरावे आणि वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि एकदा चतुर्थीनंतर, उघडून पाहावे.

कागदपत्रांत वाहन परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र ही चारही डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमध्ये असली तरी चालतात. तरीही एका कागदावर स्वतःचे नाव, रक्तगट, नेहमीची औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ती, आणि घरच्या दोन माणसांचे फोन क्रमांक लिहून तो पाकिटात ठेवावा, कारण पडलेल्या माणसाचा फोन बहुतेक वेळा फुटलेला किंवा कुलूपबंद असतो. भाड्याने दुचाकी घेणाऱ्यांनी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच गाडी घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यात मोठी अडचण उभी राहते.

३. जागा सुरक्षित करा

अपघात दिसताच धावत रस्त्यावर जाऊ नये. आपली गाडी रस्त्याच्या कडेला, शक्य तर अपघाताच्या अलीकडे, इशारादिवे चालू ठेवून लावावी, जाकीट अंगात घालावे आणि दोन्ही दिशांची रहदारी पाहून मगच पुढे जावे. मदतीला आलेल्यांपैकी दोघांना दोन बाजूंना वाहने थांबवायला किंवा सावकाश सोडायला उभे करावे. घाटात हा माणूस वळणाच्या अलीकडे उभा राहिला पाहिजे. चोर्ला, अनमोड किंवा करमल घाटात वळण घेऊन आलेल्या ट्रकचालकाला अपघात दिसतो तेव्हा थांबायला अंतर उरलेले नसते.

आपल्याकडे इशारा म्हणून झाडाच्या फांद्या तोडून रस्त्यावर ठेवण्याची पद्धत आहे. दिवसा ती चालते, पण रात्री पावसात ओली फांदी दिसत नाही आणि काम झाल्यावर ती उचलायची कोणाच्या लक्षात राहत नाही, मग दुसरा दुचाकीस्वार तिच्यावर घसरतो. फांदी ठेवलीच, तर ती उचलण्याची जबाबदारी एका माणसाला नाव घेऊन द्यावी.

पडलेल्या दुचाकीची चावी बंद करावी, पेट्रोल गळत असल्यास कोणाला विडी-सिगारेट पेटवू देऊ नये. विजेवर चालणाऱ्या स्कूटरमधून धूर किंवा फुसफुस असा आवाज येत असेल, तर तिच्यापासून लोकांना लांब न्यावे. गाडी विजेच्या खांबावर आदळली असेल किंवा पावसाळ्यात तार तुटून पडली असेल, तर प्रवाह बंद झाल्याची वीज खात्याकडून खात्री होईपर्यंत जखमीला हात लावायचा नाही. हे पाळणे फार कठीण जाते, तरी पाळावे लागते.

४. १०८ ला फोन करा आणि ठिकाण असे सांगा की चालकाला पुन्हा विचारावे लागू नये

गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. फोन तुम्ही स्वतः करा किंवा गर्दीतील एका माणसाकडे बोट दाखवून, "तुम्ही फोन करा आणि झाला की मला येऊन सांगा," असे म्हणा. "कोणीतरी फोन करा" असे ओरडल्यास प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने केला असेल.

फोनवर सर्वांत जास्त वेळ ठिकाण समजावण्यात जातो. केरी नावाचे गाव सत्तरीत आहे, पेडण्यात आहे आणि फोंड्यातही आहे. देऊळवाडा तर गावोगावी असतो. म्हणून आधी तालुका, मग गाव, मग वाडा, आणि त्यानंतर जवळचे देऊळ, चॅपेल, खुरीस (क्रूस), बसथांबा किंवा पेट्रोल पंप असा क्रम ठेवावा. महामार्गावर असाल तर गाडी कोणत्या दिशेच्या बाजूला आहे तेही सांगणे आवश्यक आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर बऱ्याच भागात मध्ये दुभाजक असल्याने 'पणजीकडून मडगावकडे जाणारी बाजू' एवढे सांगितले तरी रुग्णवाहिकेचा मोठा वळसा वाचतो. त्यानंतर जखमी किती, शुद्धीवर कोण, श्वास चालू आहे का, रक्त किती जाते आहे आणि कोणी गाडीखाली अडकले आहे का, हे सांगावे. समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवू नये, कारण १०८ वरून पुढच्या सूचनाही मिळतात. कधी कधी आधी मोटरसायकलवरून प्रशिक्षित कर्मचारी येतो. त्याच्याकडे स्ट्रेचर नाही म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नये, मोठी गाडी मागून येत असते.

घाटात आणि मोलेच्या अभयारण्याच्या पट्ट्यात नेटवर्क जाते. आपल्या कंपनीचा सिग्नल नसला, तरी दुसऱ्या कंपनीचा मनोरा आवाक्यात असल्यास ११२ लागू शकतो, म्हणून तो आधी लावून पाहावा. तोही लागला नाही, तर एकाला नेटवर्क असलेल्या ठिकाणापर्यंत पाठवावे, पण रिकाम्या हाताने पाठवू नये. ठिकाण, वेळ, जखमींची संख्या आणि त्यांची अवस्था चार ओळींत लिहून ती चिठ्ठी त्याच्या हातात द्यावी. घाबरलेला माणूस दहा किलोमीटर जाईपर्यंत अर्धे विसरतो आणि अर्धे वाढवून सांगतो.

५. श्वास तपासा, हेल्मेटला हात लावण्यापूर्वी विचार करा

जखमीजवळ त्याला तुम्ही दिसाल अशा बाजूने जा, म्हणजे तो मान वळवणार नाही. स्वतःचे नाव सांगा आणि "हलू नका, मी मदतीला आलो आहे" असे म्हणा. तो बोलत असेल, तर श्वासमार्ग मोकळा आहे. उत्तर येत नसेल, तर काच वर करून छातीची हालचाल पाहा आणि नाकातोंडाजवळ कान नेऊन दहा सेकंदांपर्यंत श्वास ऐका. मधूनच येणारी उचकीसारखी धाप म्हणजे श्वास नव्हे.

हेल्मेटबद्दलचा नियम सोपा आहे. जखमी श्वास घेत असेल, उलटी होत नसेल आणि तोंडापर्यंत पोहोचता येत असेल, तर हेल्मेट तसेच राहू द्यावे आणि डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. श्वास बंद असेल, घशात रक्त किंवा उलटी अडकत असेल आणि हेल्मेटमुळे काहीच करता येत नसेल, तरच ते काढावे, आणि तेही दोघांनी मिळून.

पहिला मदतनीस जखमीच्या डोक्यामागे गुडघे टेकून बसतो आणि हेल्मेटच्या दोन्ही बाजू अशा धरतो, की त्याची बोटे जबड्याच्या कडेला लागतील व डोके हलणार नाही. दुसरा बाजूला बसून चष्मा असल्यास काढतो आणि हनुवटीखालचा पट्टा सोडतो किंवा कापतो. मग तो एका हाताचा अंगठा जबड्याच्या एका बाजूला व बोटे दुसऱ्या बाजूला ठेवतो आणि दुसरा हात मानेखालून सरकवून कवटीचा मागचा भाग तळव्यात घेतो. आता डोक्याचा सगळा भार त्याच्यावर आहे, हे त्याने मोठ्याने सांगायचे: "धरले." त्यानंतरच पहिला मदतनीस हेल्मेटच्या कडा बाहेर ताणतो आणि ते हळूहळू आपल्याकडे ओढतो. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटची हनुवटीपट्टी नाकाला अडते, तेव्हा हेल्मेट किंचित मागे कलवून नाक मोकळे करायचे, डोके मात्र कलवायचे नाही. हेल्मेटचा मागचा भाग सुटतो त्या क्षणी डोके दणकन खाली जाऊ शकते, आणि हाच या कृतीतला सर्वांत धोक्याचा क्षण आहे. दुसऱ्याचा हात तिथे पक्का हवा. हेल्मेट बाजूला ठेवताच पहिला मदतनीस डोके पुन्हा दोन्ही हातांत घेतो आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोडत नाही. वर्गात मित्राच्या डोक्यावर हे करताना हसू येते. पाचव्या-सहाव्या वेळी हात न बोलता जुळतात.

श्वास चालू पण शुद्ध नसेल, तर मान मागे न वाकवता दोन्ही हातांची बोटे जबड्याच्या कोनामागे लावून जबडा पुढे उचलावा. उलटी झाल्यास डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवावे. तुम्ही एकटे असाल, तरी वळवावेच, कारण मणक्याची भीती खरी असली तरी श्वास अडकलेला माणूस काही मिनिटांतच जातो.

श्वास नसेल, तर छातीच्या मध्यावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबायला सुरुवात करावी आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. तोंडाने श्वास देण्याचे प्रशिक्षण असेल तर ३० दाबांमागे २ श्वास द्यावेत, नसेल तर नुसते दाबत राहावे. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा.

६. रक्त थांबवा

भळाभळा वाहणारे रक्त दिसत असेल, तर ते थांबवण्याचे काम श्वास तपासण्याबरोबरच दुसऱ्या माणसाकडे द्यावे. हातमोजे घालावेत, ते नसल्यास हातावर प्लास्टिकची पिशवी चढवावी. जखमेवर गॉज किंवा स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने, शरीराचा भार देऊन दाबावे आणि दाब किमान दहा मिनिटे सोडू नये. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी कापड उचलणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे, कारण त्याने नुकतीच धरलेली गाठ निघून येते. कापड भिजले, तर त्यावरच दुसरे ठेवावे. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल, तर कापड आत ठासून भरावे आणि वरून दाबावे. शरीरात घुसलेली वस्तू, मग ती काच असो वा ब्रेकचा दांडा, ओढून काढू नये, तिच्या दोन्ही बाजूंना घड्या लावून ती स्थिर करावी.

हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल, तेव्हा टूर्निकेट. जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत आवळावी. तयार टूर्निकेट नसल्यास ओढणी किंवा त्रिकोणी पट्टीची चार बोटे रुंद घडी करून, तिच्या गाठीत मजबूत काठी अडकवून पिळता येते. नाडी, सुतळी किंवा वायर वापरू नये, त्याने मांस कापले जाते. आवळल्याची वेळ मार्करने जखमीच्या कपाळावर किंवा पट्टीवर लिहावी आणि नंतर ती रुग्णालयापर्यंत सैल करू नये. "जरा रक्त फिरू द्या" असे सांगणारा एक तरी शहाणा गर्दीत असतो.

बोट किंवा अवयव तुटला असल्यास तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. अवयव थेट बर्फात ठेवल्यास तो खराब होतो. बर्फ जवळच्या बारमध्ये किंवा मासळीवाल्याकडे मिळतो.

७. बाकीच्या दुखापती

रक्त गेल्याने माणूस पांढराफटक पडतो, थंड घाम सुटतो, नाडी जलद होते. त्याला आडवे ठेवावे आणि पाणी, चहा, सोडा यांतले काहीही देऊ नये, कारण शस्त्रक्रिया करावी लागू शकते आणि उलटी घशात जाऊ शकते. पावसात पडलेल्या जखमीचे अंग झपाट्याने गार होते व गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही, म्हणून त्याच्यावर रेनकोट, चादर, जे मिळेल ते पांघरावे. पाय मोडल्याची शंका असल्यास तो आहे त्याच स्थितीत आधार देऊन बांधावा, त्यासाठी बंद केलेली लांब छत्रीही चालते. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये.

डोक्याला मार लागल्यावर उठून चालणारा माणूस ठीक आहे असे समजू नये. वारंवार उलटी, वाढती गुंगी, असंबद्ध बोलणे, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव येणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याला रुग्णालयात गेलेच पाहिजे. किनारपट्टीच्या भागात एक खास धोका आहे. जखमीच्या तोंडाला दारूचा वास आला, की लोक म्हणतात, "प्यालेला आहे, झोपू द्या." दारू प्यालेल्याच्याही डोक्यात रक्तस्राव होतो आणि दोन्हींची लक्षणे सारखी दिसतात. वास आला तरी तो डोक्याला मार लागलेला रुग्ण आहे असे धरूनच वागावे.

तांबड्या मातीत घासलेली जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. हळद, कॉफीची पूड किंवा टूथपेस्ट लावू नये, डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. सायलेन्सरने भाजल्यास २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे.

८. उचलण्याची वेळ आलीच तर

आग, पाणी, अंगावर येणारी रहदारी किंवा रुग्णवाहिका येण्याची शक्यताच नसणे, या कारणांशिवाय मणक्याची शंका असलेल्या जखमीला हलवू नये. हलवावे लागल्यास एकाने डोके धरावे आणि त्याच्याच इशाऱ्यावर बाकीच्या तिघांनी खांदा, कंबर व पाय एकदम वळवून त्याला फळीवर किंवा ताणलेल्या जाड चादरीवर घ्यावे. दोन माणसांच्या मध्ये बसवून दुचाकीवरून नेणे खरचटलेल्यासाठी ठीक आहे, गंभीर जखमीसाठी कदापि नाही.

कुठे न्यायचे हे १०८ चे कर्मचारी ठरवतील. स्वतः नेत असाल, तर गंभीर जखमींसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ, हे राज्यातले मुख्य केंद्र असून ते महामार्गालगतच आहे. म्हापशाला उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक अजूनही आझिलो म्हणतात, आणि मडगावला दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय आहे. वाळपई, पेडणे किंवा काणकोणसारख्या दूरच्या भागांत श्वास वा रक्त आटोक्यात नसेल, तर जवळच्या सामाजिक आरोग्य केंद्रात आधी स्थिर करून पुढे पाठवणे शहाणपणाचे ठरते. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे रुग्णवाहिकेमागून जाणाऱ्या नातेवाइकांनी जुन्या पुलांवरून जावे.

९. हवाली करताना आणि त्यानंतर

रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्याला चार गोष्टी सांगा: अपघात केव्हा आणि कसा झाला, कोणत्या दुखापती दिसल्या, शुद्धीत काय बदल झाला आणि तुम्ही काय केले. हेल्मेट जखमीबरोबर पाठवा, त्यावरचा तडा पाहून डॉक्टरांना आघाताची कल्पना येते. पाकीट, फोन आणि दागिने दोन साक्षीदारांसमोर पोलिसांच्या किंवा कर्मचाऱ्याच्या ताब्यात द्यावेत.

पोलिसांच्या भीतीने थांबत नाही, असे म्हणणारे अजून भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही किंवा उपचाराचे पैसे मागू शकत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हा त्याचा निर्णय असतो. या हक्कांची सनद रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ लावलेली असली पाहिजे. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राच्या 'राहवीर' योजनेत २०२५ मध्ये २५,००० रुपयांचे पारितोषिक ठेवण्यात आले.

मात्र एक फरक नीट समजून घ्यावा. ज्याच्या गाडीचा अपघाताशी संबंध आहे, त्याला हे संरक्षण लागू नाही. कलम १३४ प्रमाणे त्या चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, कळवणे बंधनकारक आहे. जमाव हिंसक झाला असेल, तर तिथून निघून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जाण्याची मुभा कायद्याने दिली आहे.

पैशांअभावी खासगी रुग्णालयात दाखल करायला नातेवाईक कचरत असतील, तर त्यांना ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या केंद्राच्या विनारोकड उपचार योजनेची माहिती द्यावी. तीत नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, एका जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. अपघाताची पोलिसांकडे नोंद असणे त्यासाठी लागते. ठोकर मारून पळालेल्या वाहनाचा शोध लागला नाही, तर मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची भरपाई मिळते, आणि तिथेही पोलिसांतील नोंदच पहिला कागद असतो.

घरी पोहोचल्यावर हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत. उघड्या जखमेवर, डोळ्यांत किंवा तोंडात दुसऱ्याचे रक्त गेले असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन सांगावे, कारण एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधे लवकरात लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. पिशवीतले वापरलेले साहित्य दुसऱ्या दिवशी भरावे, आणि कात्री व मार्कर परत आत गेले आहेत का ते पाहावे, कारण अपघातस्थळी हमखास हरवतात त्या याच दोन वस्तू.